मोसंबीचं कलम आणि बापू

रविवार, ११ फेब्रुवारी १९७३

आज शेजारच्या बापूचा दहावा झाला. कष्टाळू माणूस, खरंच. या दुष्काळात कावडीने पाणी घालून त्याने मोसंबी जगवली, आणि कितीही दमला तरी पोरांना ताटाभोवती घेतल्याशिवाय जेवला नाही. सगळं मान्य. पण कलम करायला त्याला शिकवलं कोणी? मी. आणि मी शिकलो ते स्वतः, पुस्तकं वाचून.

आमचा दत्तू मात्र चारचौघांत बापूच्या बायकोला म्हणतो, "काकू, मला कलम बापूकाकांनी शिकवलं."

घरी आल्यावर हिला म्हणालो, "पोरगा माझा, आणि गुरू तो?"

"तुमी त्याच्या हातात चाकू ऱ्हाऊ तरी दिला का?" ही म्हणाली. "भावजींनी लई फांद्या वाया जाऊ दिल्या, पन मधी हात घातला न्हाई."

फांद्या वाया घालवणं म्हणजे शिकवणं? गेलेल्या माणसाचा हेवा करू नये, कळतं. तरी जळतो आहे.

संध्याकाळी दत्तूने बांधलेलं कलम बघायला गेलो, चूक काढायलाच. काप सरळ, बांधणी घट्ट. चूक नव्हती. दत्तू माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. छान बांधलंस म्हणायचं होतं. म्हणालो, "पट्टी जरा जास्तच गुंडाळलीस."