ओठ उरले तर

प्रिय फुग्या,

तुझा मेसेज पोचला. पुन्हा घरच्या नंबरवर फोन करणार नाहीस, तेही कळलं. लगेच उत्तर दिलं नाही, कारण जे सांगायचंय ते अंगठ्यानं टाइप करण्यातलं नाही, आणि घरून बोलावं तर आई ऐकते. डोळे गेल्यापासून तिचे कान असे झालेत की मुंगी चालली तरी विचारते, कोण आलं. म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी बसून लिहितेय. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवते आणि घरी आईला त्यातला एकही कामाचा नाही. असो. आधी वाईट ते सांगून टाकते. बाबांचं दुखणं परत आलंय. या वेळी घशात नाही, खाली फुप्फुसात. ऑपरेशन करण्यासारखं नाही म्हणाले. डॉक्टर तरुण आहे, खोटं बोलायला अजून शिकलेला नाही. पुढच्या उन्हाळ्याचं काही विचारलं की खिडकीबाहेर बघतो. तुमच्या दोघांत जे काय अडलंय ते सुटायला वेळ असेल तर तो आत्ताच आहे. पण हे वाचून लगेच फोनकडे धावू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.

आपला कोटवाला तुला आठवतो ना? परदेशी मालिकेतला खासगी गुप्तहेर, ऊन असो की पाऊस, अंगात तोच लांब कोट, एका खोलीचं ऑफिस, टेबलाखाली बादली कारण छत गळतं, आणि तोंड उघडलं की आपले बाबा. बाकीच्यांसाठी तो टीव्हीवरचा हेर होता, आपल्यासाठी बाबांची डबिंगची नोकरी. शाळेत तू सांगितलंस की तो माझ्या बाबांच्या आवाजात बोलतो, आणि पोरांनी तुला थापाड्या ठरवलं. बाबांनी फाटकाशी येऊन नुसतं एक वाक्य म्हणून दाखवावं म्हणून तू हट्ट धरलास, ते आले नाहीत, आणि तू कपाटामागच्या फटीत गाल फुगवून बसलास. ते तरी काय करणार होते? रेकॉर्डिंग असलं की घसा राखायचे. घरी कोमट पाणी, हळू बोलणं, तेही मोजकं. साऱ्या गावानं त्यांचा आवाज ऐकला आणि आपल्या वाट्याला आल्या खाणाखुणा. मलाही त्याचा राग यायचा. तुझा मात्र तो आतल्या आत मुरला.

आणि मग घर सोडून जायच्या दिवशी तू ते बोललास. दुसऱ्याच्या तोंडाला आवाज लावण्यात जन्म गेला तुमचा, स्वतःचं असं कधी काही बोललात का. मी दारातच उभी होते. तुला वाटलं ते काही न बोलता उठून गेले. ते पाणी प्यायला उठले होते रे. काही बोलायचं असलं की आधी घोटभर पाणी, ही त्यांची सवय जन्माची. ते ग्लास घेऊन परत आले तेव्हा तू जिन्यावर होतास. पुढे काही महिन्यांत आवाजाची पेटीच काढावी लागली, आणि उत्तर राहिलं ते राहिलंच. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण जिव्हारी लागलं त्यांना, हे तुला कळायला हवं.

तू स्टुडिओत फारसा आला नाहीस, म्हणून एक गोष्ट सांगते. जाड पडद्यांची ती कोंदट खोली, पंखासुद्धा बंद, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो. समोर चित्र चालायचं आणि कोटवाल्याचे ओठ हलतील तेवढाच वेळ बाबांनी बोलायचं, ना कमी ना जास्त. तो सिगरेट ओठात धरून बोलायचा, म्हणून बाबाही धरायचे, आणि रेकॉर्डिस्टला धूर सोडल्याचा आवाज हवा असायचा, म्हणून ओढायचेही. ओढली त्यानं आणि भरलं यांनी. हे आईचं वाक्य आहे, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून म्हणालेली. तर सांगत काय होते, ओठ. कधी कधी भाषांतरातलं वाक्य संपायचं आणि पडद्यावर तो माणूस अजून बोलतोच आहे. याला ते लोक ‘ओठ उरले’ म्हणायचे. ओठ उरले की त्या जागी काहीतरी भरावं लागे, तेही तिथल्या तिथे, आणि बाबा भरायचे ते आपल्या घरातलं. बर्फातून पाकीटमाराला फरफटत नेणारा कोटवाला मध्येच त्याला म्हणतो, मफलर गुंडाळ, घसा धरेल. भाषांतर करणारे गृहस्थ कपाळाला हात लावायचे. पण ओठ बरोब्बर जुळलेले असायचे, मग ते तसंच राहायचं.

आता डीव्हीडीचं. कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीवाल्याला विसरला नसशील, आता झेरॉक्सचं दुकान चालवतो. त्याला कुठून तरी त्या मालिकेचा अख्खा संच मिळाला, आपल्या भाषेतला, बाबांच्या आवाजातला. बाबांचा आवाज गेल्याचं कळल्यावर त्यानं घरी आणून दिला. मी आधी लपवूनच ठेवणार होते. ज्याचा आवाज गेला त्याला त्याचाच आवाज ऐकवायचा, हा काय छळ. पण तोवर आईनं वेष्टन फाडल्याचं ऐकलं होतं. लाव म्हणाली.

लावली. आधी ती सूचना येते, कॉपी करणं गुन्हा आहे वगैरे, कुठलं बटण दाबलं तरी पुढे जात नाही. गुन्हेगार पकडणाऱ्याची मालिका आणि सुरुवातीला आपल्यालाच दम. मग ते सनईसारखं रडणारं संगीत, मग जिन्यावर बुटांचा आवाज, आणि मग बाबा. आई भिंत धरून आली आणि टीव्हीच्या इतकी जवळ बसली की मी तिला मागे ओढलं, मग लक्षात आलं, आता कुठले डोळे बिघडणार आहेत. तिचा चेहरा तू बघायला हवा होतास. आमच्या घरात कसं चाललं होतं तुला कल्पना नाही. एकाला दिसत नाही, एकाला बोलता येत नाही. बाबा पाटीवर लिहिणार आणि मी वाचून दाखवणार, म्हणजे मीठ कमी आहे इथपासून पाठ चोळून दे इथपर्यंत सगळं माझ्या तोंडून. आई एकदा वैतागून म्हणाली, नवरा माझा आणि बोलते पोरगी, हा कसला संसार. मी कामावर असताना तर दोघं नुसते हात धरून बसून राहायचे.

पुढचं आपोआप झालं. डीव्हीडी चालू असताना आईनं सवयीनं विचारलं, चहा घेतलात का, आणि नेमका पडद्यावरून कोटवाला म्हणाला, नाही, आणि तुझ्या हातचा घेणारही नाही, त्यात काय कालवलंयस ते मला माहीत आहे. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच रिमोट स्वतःकडे ओढून घेतला. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलतात. कुठलं वाक्य कुठल्या डीव्हीडीत, कुठल्या खोलीत, कुठल्या मारामारीनंतर, सगळं त्यांना पाठ आहे. एकेक वाक्य दहादा म्हटलेलं असायचं ना. आई विचारते, ते शोधतात. ती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून थांबते. घाई करत नाही. उत्तरं काय विचारू नकोस. गोळी घेतली का, तर म्हणे, हात वर कर, तू संपलास. आता हेराच्या तोंडी गोड बोलणं कुठून आणायचं? प्रेमाचं एकच वाक्य सापडलं, तेही त्यानं एका विषारी बाईला बेड्या घालताना म्हटलेलं. आईला ते इतकं आवडलं की रोज एकदा लावायला लावते.

असं जरा बरं चाललेलं असताना रिपोर्ट आला. दवाखान्याच्या पायरीवर बाबांनी पाटी काढली आणि लिहिलं, आईला तू सांगायचं नाहीस, मी सांगणार. मी म्हटलं, कसं? त्यांनी पाटी पुसली. मग सुरू झालं शोधणं. मी बघत होते. कोटवाला कितीतरी घरांत मरणाची बातमी घेऊन गेलाय, पण कसा? बाई, तुमचा नवरा मेला, काल कुठे होतात? हे कसं चालणार. बाबा एकेक लावायचे, मान हलवायचे, काढायचे. आई विचारायची, आज एवढं काय धुंडाळताय? आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे, नाहीतर माझा हुंदका तिला ऐकू गेला असता.

शेवटी सापडलं. तो भाग आठवतोय, कोटवाल्याला गोळी लागते आणि तो ऑफिसच्या फरशीवर पडून टायपिस्ट बाईशी बोलतो? बाबांनी आईचा हात हातात घेतला आणि लावलं. ऐक, यातून मी काही उठत नाही. रडायचं ते नंतर रड. आधी खिडकी लाव, थंडी वाजतेय. मग त्यांनी टीव्ही बंद केला. बाहेर रणरणतं ऊन होतं. आई उठली, चाचपडत खिडकीपर्यंत गेली, खिडकी लावली, कडी घातली आणि येऊन परत त्यांच्याशेजारी बसली. मग तिनं विचारलं, पोराला कळवलं का. बाबांनी तिच्या हातावर दोनदा टकटक केलं, म्हणजे नाही. मी कळवते म्हणाले, तर पाटी माझ्यासमोर धरली. त्याच्याशीही मीच बोलणार. लिहून पाठवा म्हटलं, तर लिहिलं, पोराशी कागदावर बोलू?

आणि आता तुझा फोन. त्या दुपारी मी दुकानात होते, पुढचं आईनं सांगितलं ते सांगते. ऑपरेशननंतर बाबांनी घरचा फोन कधी उचललेला नव्हता, उचलून करणार काय. दुपारी फोन वाजला की तो तुझाच असतो हे दोघांना ठाऊक. आई उठत होती, त्यांनी तिला दाबून बसवलं आणि स्वतः गेले. तू बाबा, बाबा म्हणत होतास ते तिला ऐकू येत होतं. त्यांनी फोन ताणून टीव्हीसमोर ठेवला आणि डीव्हीडी घातली. तू लिहिलंस की बाबांनी मुद्दाम तेच संगीत ऐकवलं, मी बोललो होतो त्याचा टोमणा मारला, समजलो मी काय ते. काही समजला नाहीस तू. ती सूचना पुढे जात नाही फुग्या, ते संगीतही त्यांना नीट पळवता येत नाही, बटणं चुकतात. तू संगीतावरच फोन ठेवलास. त्यांनी मात्र वाक्य शोधलं आणि लावलं. आई म्हणते, एकीकडे फोनचा टूं टूं आणि एकीकडे बाबा. कोटवाला एका हॉटेलच्या खोलीबाहेर उभा आहे, आत घरातून पळालेला मुलगा लपलाय, आणि तो दारावर हात ठेवून म्हणतो, दार उघड, पोरा. कोणी रागावलेलं नाही. घरी सगळे जेवायचे थांबलेत. यातलं पहिलं वाक्य तेवढं भाषांतरातलं. पुढे ओठ उरले होते. उरलेलं सगळं बाबांचं आहे, आणि कपाटाच्या फटीसमोर उभं राहून बाबा ते कोणाला म्हणायचे हे मी तुला सांगायला नको. त्या दिवसापासून त्यांनी रिमोटला हात लावलेला नाही. आई विचारते, ते उत्तर देत नाहीत, दोघं परत नुसते हात धरून बसतात. डीव्हीडी मशीनमध्येच आहे, काढू देत नाहीत. तू येच, आणि येईपर्यंत एकदा दुपारी घरच्या फोनवर फोन कर. कोणी बोलणार नाही, तरी ठेवू नकोस. आधी ती सूचना येईल, मग संगीत, मग बूट वाजतील, मग थोडा वेळ काहीच नाही, तेव्हा ते शोधत असतील. थांब.

तुझीच,
ताई