राणी भीत नाही

१४ एप्रिल
शंतनुचं लग्न दहा दिवसांवर. परण्याला, म्हणजे लग्नाआधी वाजतगाजत मारुतीच्या देवळात जायचं तेव्हा, कारनं जाईन, घोडीवर बसणार नाही, असं म्हणतो. लहानपणी जत्रेत टट्टू त्याला घेऊन उधळलं होतं. पण आमच्या घरातला प्रत्येक नवरदेव घोडीवरूनच गेलाय. मी शब्द दिला, घोडी उधळणार नाही. तो म्हणाला, "उधळली तर मी तुमच्याशी बोलणार नाही, बाबा."
मान्य. घोड्यांवरचे व्हिडिओ मी उगाच पाहिले नाहीत.

१५ एप्रिल
सोनाळ्याहून वहाबभाईंची राणी आणली. लग्नापर्यंत आमच्या गोठ्यात. वहाबभाईंना फ्लाइट रिस्पॉन्स समजावला. घोडा म्हणजे शिकार होणारं जनावर. डोळे बाजूंना, थेट मागचं दिसत नाही. म्हणून आधी पळतो, मग विचार करतो. माणसाचं उलट.
ते म्हणाले, "भाऊ, राणी कितीक वर्सं वराती करून राह्यली. तिले कायचं भ्याव?"
चारा माझ्याकडून, हे ऐकल्यावर मुद्दा पटला.

१६ एप्रिल, सकाळी
ट्रेनिंग सुरू. ब्लूटूथ स्पीकरवर वरातीचा डीजे, हळू आवाजात. त्याच वेळी टोपल्यात गूळ-चणे. आवाज म्हणजे धोका नव्हे, हे मेंदूत बसलं पाहिजे. कान पुढे, म्हणजे कुतूहल. मागे चपटे, म्हणजे गडबड. राणीचे पुढे.

१९ एप्रिल
आवाज वाढवला. शेजारच्या जनकाबाईंनी भिंतीवरून विचारलं, लग्न घोडीचं आहे का. दुर्लक्ष. बायकोचा, शरयूचा, गुळाचा डबा रिकामा. म्हणे, "घोडी भेत नाही, मीच भेऊन राह्यली." शास्त्रीय कामाला घरून पाठिंबा मिळत नसतोच.

२२ एप्रिल
स्पीकर लावला की राणी नाल्यापासून धावत गोठ्यात येते. शंतनुला दाखवलं. त्यानं विचारलं, इकडंच काऊन येते? मी म्हटलं, विश्वास.
बसायला तयार झाला.

२४ एप्रिल, दुपारी
वहाबभाईंना शेवटची सूचना. लगाम सैल सोडा. आवळला की जनावराला कोंडल्यासारखं होतं, मग पळावंसं वाटतं. ते म्हणाले, तुमची मर्जी.

२५ एप्रिल
काल झालेलं जसंच्या तसं लिहितो.
देवळासमोर डीजे सुरू झाला. राणीचे कान पुढे. मी व्याह्यांना दाखवलंसुद्धा, बघा, भीती अजिबात नाही. तेवढ्यात ती वळली आणि आमच्या घराकडे निघाली. शंतनुसकट.
मी मागे धावलो. घोड्याच्या मागे धावू नये, हे मला माहीत आहे. डीजेवाल्याला वाटलं, वरात पुढे निघाली. तो गाणं चालू ठेवून मागोमाग आला. त्याच्यामागे लोणारचे सगळे व्याही, नाचत. गाणं बंद कर म्हणून मी हात हलवत होतो, तर माझ्यावरून नोटा ओवाळल्या.
गोठ्यात राणीचं तोंड टोपल्यात. शंतनु वरच, डोळे मिटून, मान धरून. उतरायचीही भीती. टोपलं रिकामं होतं, म्हणून गुळाची वाट पाहत ती हलेना. मुहूर्त टळला. शेवटी शेखरनं, त्याच्या मित्रानं, त्याला मोटारसायकलवर मांडवात नेलं.
तांत्रिकदृष्ट्या ती पळून गेली नाही. आली. हा फरक शंतनुला सांगायला गेलो. त्यानं दार लावून घेतलं.

३ मे
शंतनु बोलत नाही. चहा हवा का, हेसुद्धा सूनबाई स्वरदा येऊन विचारते. मी हो म्हणतो. दुसरं काही करता येत नाही.

३ मे, संध्याकाळी
गावात कुणाची तरी वरात. डीजे वाजला. शरयूनं माझ्याकडे पाहिलं. मी गोठ्याकडे. राणी वहाबभाईंकडे परत गेल्यापासून तो रिकामाच.
टापा ऐकू आल्या.
राणी. वर अनोळखी नवरदेव, मुंडावळ्या एका कानावर, "उतरवा हो कोणी" म्हणत. मी ओट्यावर उभाच. शंतनु बाहेर आला, त्यानं नवरदेवाला धरून उतरवलं, शेजारी बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, "घाबरू नको दादा, माह्यंही असंच झालं होतं."
मग माझ्याकडे वळला.
"बाबा, गूळ आणा."
घरात गूळ नव्हता. मी दुकानाकडे पळत सुटलो. चपला राहिल्या, हे नंतर लक्षात आलं.