फौजेची थीम

२१ सप्टेंबर, रविवार. दुपार

फेव्हिक्विकने चिकटलेली ढाल अजून अंगठ्यालाच आहे. प्लास्टिकचा सैनिक टेबलावर, ढाल माझ्याकडे. उजवा हात कोमट पाण्यात, डाव्याने लिहितोय. ढाल रोमन आहे. म्हणजे नवी फौज रोमन करायची नाही, हे ठरलं. असा अनुभवातून आलेला निर्णय पक्का असतो.

जुन्या फौजेला विटलो. पाच वर्षं ललितशी टेबलावरच्या लढाया तीच घेऊन खेळतोय. आता नवी. एक थीम, इंचभर उंचीचे साठ सैनिक, सगळे रंगवलेले. मुदत दिवाळी. तोपर्यंत खेळ बंद.

२३ सप्टेंबर

ललितचा फोन. या रविवारी तारापूरला ये म्हणाला, जुन्याच फौजा काढू. मी सांगितलं, नवी तयार झाल्याशिवाय टेबलाला हात लावणार नाही. तर म्हणे, 'किती दिवस बे?' अमरावतीचा आहे, सगळ्यांनाच बे म्हणतो. पण आवाजात धास्ती होती.

पालघर ते तारापूर हा खेळ खेळणारे आम्ही दोघेच. उमरोळीला एक होता. त्याचं लग्न झालं.

२८ सप्टेंबर, रविवार

थीम ठरली. तारापूरच्या किल्ल्यातले फिरंगी आणि वेढा घालणारे मराठे. घरचाच इतिहास. लगेच ललितला कळवलं. तो खूश. म्हणाला, 'मी मराठे करतो, तू फिरंगी कर.'

संध्याकाळपर्यंत विचार केला. मीच का फिरंगी?

थीम रद्द. यापुढे थीम गुप्त. प्रतिस्पर्ध्याला आधी सांगणं हीच चूक झाली.

दिवस वाया गेला नाही. चिंचणीच्या किनाऱ्यावरून पिशवीभर वाळू आणली. सैनिकांच्या पायाखालच्या बेसवर चिकटवायला. ऑनलाइन हीच वाळू पाकिटातून येते.

५ ऑक्टोबर

वाळवंटी थीम. उंट जोडायला घेतला. उंटाला इतके गुडघे असतील असं वाटलं नव्हतं. रद्द.

पण साठही बेसवर फेव्हिकॉल लावून वाळू बसवली. थीम नसताना साठ बेस तयार. ललितचे एका वेळी दहाच्या वर कधी झाले नाहीत.

पोळ्या करायला येणाऱ्या रत्नाबाईंनी विचारलं, 'सायेब, या खेलाला दुसरा मानूस लागत नाय का?' मी म्हणालो, लागतो, तारापूरला आहे. 'मंग येत कसा नाय?' मी म्हणालो, तयारी चालू आहे. 'लगीन हाय का?' आणि एकट्याच हसत बसल्या. पोळ्या तीनच केल्या.

१२ ऑक्टोबर

मेघालीवहिनींच्या स्टेटसला सोफा, कपाट, वॉशिंग मशीन. विकणे आहे. म्हणजे हॉल रिकामा करताहेत. म्हणजे मोठं टेबल येतंय. नवऱ्याच्या खेळासाठी सोफा विकणारी बायको. ललित नशीबवान आहे.

त्याचा फोनही आला. फौज फोमच्या डब्यात घालून ट्रकने दोन दिवस नेली तर भाले मोडतील का, असं विचारत होता. बाहेरगावी स्पर्धेला निघालाय, नक्की. मला सांगत नाही. शेवटी म्हणाला, 'ऐक ना, एक सांगायचं होतं.' मी म्हणालो, जे सांगायचं ते टेबलावर. त्याने फोन ठेवला. फोन असा ठेवला की समजायचं, वर्मी लागलं.

२० ऑक्टोबर, दिवाळी

बहिणीला कळवलं, येत नाही, काम आहे. काम आहेच.

सकाळी डबा उघडला आणि बघत राहिलो. साठही बेसवर पांढरा थर. बारीक, चकचकीत, वाळूच्या कणाकणावर. बर्फ. लोक बर्फाची पावडर मागवतात. माझ्याकडे न मागता पडला.

थीम ठरली: हिवाळी मोहीम. खिंडीतून उतरणारी फौज. कोणाची ते नंतर बघू. मी बर्फ कधी पाहिलेला नाही, पण ललितने तरी कुठे पाहिलाय?

फौजेची मुदत नोव्हेंबरअखेर. बर्फात मोहिमा लांबतातच.

२ नोव्हेंबर

रंगवून झाले अकरा. निळसर कोट, पाठीवर गाठोडी. उरलेले एकोणपन्नास राखाडी आहेत. धुक्यात आहेत असं धरता येईल.

काल लॅबमध्ये दिवसभर पाण्यातलं क्लोराइड तपासलं. सुटताना विक्रमने विचारलं, स्टेशनाबाहेर भजी खायला येतोस का? आम्ही चौघं चाललोय. मी म्हणालो, घरी वाट बघताहेत. तो म्हणाला, 'कोण?' मी बाइकला किक मारली.

८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ

ललित न कळवता आला. हातात फौजेचा डबा. उभ्याउभ्याच म्हणाला, राजस्थानात रावतभाट्याला बदली झाली, उद्या सामान निघतंय. 'महिना झाला सांगायला बघतोय, तू नुसता थीम थीम करतो.' मी म्हणालो, मला अंदाज होता.

मग बसला. म्हणाला, 'काढ बे तुझी फौज. एक डाव होऊन जाऊ दे.'

काढली. त्याने एक सैनिक उचलून उजेडात धरला. कोट छान जमलाय म्हणाला. हे पांढरं काय? मी सांगितलं, बर्फ. त्याने बेसवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

'मीठ आहे बे हे! समुद्राची वाळू धुतली नाही तू? अन् केमिस्ट म्हणवतो?' डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. नंतर मीही हसलो.

'मिठावर तर मिठावर,' तो म्हणाला. 'माझेही अकराच काढतो. अकरा विरुद्ध अकरा. मांड.' मी म्हणालो, अर्धवट फौज मी मांडत नाही. थीमही गेली. पुढच्या रविवारी बघू.

'पुढच्या रविवारी मी कुठे असेन?'

मी चहा ठेवला. त्याने पोह्यांची चौकशी केली, पोहे नव्हते. डबा मांडीवर घेऊन बसला होता, तो तसाच घेऊन उठला. जिन्यात म्हणाला, 'तिकडे ये कधी.' मी हो म्हणालो.

निर्णय बरोबर होता. अपुरी फौज मांडणं म्हणजे समोरच्याचा अपमान.

तासाभरात झाला असता डाव.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी अकरा सैनिक मिठाईच्या खोक्यात घातले आणि तारापूरला ललितच्या कॉलनीच्या गेटवर गेलो. सात वाजले होते. रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं. 'कोणाकडे' या रकान्यात ललितचं नाव आणि क्वार्टर नंबर. गार्डने यादी बघितली. म्हणाला, 'वो तो पाँच बजे निकल गए, साहब. और किसी के पास जाना है?' मी नाही म्हणालो. त्याने पट्टी घेतली आणि ती ओळ सरळ खोडली.