आदिनाथचे दोन अग्नी

कोल्हार
६ फेब्रुवारी २०२५

चि. सुनीलास कारभारीमामाचे आशीर्वाद.

पत्राच्या माथ्यावर 'श्री' नाही. दुखवट्याच्या पत्रावर घालत नाहीत, हे तुझ्या आईनं तुला शिकवलं असेलच. फोनवर मला धड ऐकू येत नाही. तू एक बोलतोस, मी भलतंच उत्तर देतो, म्हणून लिहितो. सूनबाई रुपाली फोटो काढून पाठवेल.

आदिनाथला जाऊन आज चार दिवस झाले. माझा चाळिशीचा लेक मस्कतला शवागारात पडलाय आणि इथं घरात चूल पेटलेली नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणतात, ती तशीच झाकून राहते. घरात बसवत नाही, बाहेर उभं राहवत नाही. नगर-मनमाड रस्त्याला ॲम्ब्युलन्सचा दिवा दिसला की मी पुलापर्यंत चालत जातो. ती कुणाची तरी दवाखान्याला निघालेली असते. तुझी छबूमामी ओट्यावर बसून आहे, रडतसुद्धा नाही.

जिवंत माणूस विमानात चार तासांत जातो, मग मेलेल्याला एवढे दिवस कशाला लागतात? तूच त्याला तिकडं नेलंस, तूच आणून पोचव. बोलणं लागलं तर लागू दे, सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही.

तुझा मामा,
कारभारी

मस्कत
७ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस सुनीलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बोलणं लागलं, पण खरं तेच बोललात. टँकरवर ड्रायव्हरची जागा आहे, ये, असं मीच त्याला म्हणालो होतो. ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

मामा, इथं एक कागद दुसऱ्याच्या पाठीवर बसलेला असतो. डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहून दिलं, मग पोलिसांचा कागद, मग आपल्या वकिलातीचा शिक्का, पासपोर्ट रद्द करणं, देह टिकावा म्हणून औषधं भरणं, आणि शेवटी विमान. 'देह भारतात पाठवावा' असा रुपालीवहिनींच्या सहीचा कागद मिळाला. आज शुक्रवार, उद्या शनिवार, इथल्या कचेऱ्या बंद. उसाला तोड यायची म्हणून तुम्ही तीन-तीन महिने कारखान्याकडे डोळे लावून बसता, तसे थोडे दिवस माझ्यासाठी बसा.

काल मी त्याला पाहून आलो. चेहरा शांत आहे, मामींना सांगा. मला विचारल्याशिवाय तिकडं काही करू नका.

मामींना नमस्कार. माया कमी होऊ देऊ नये.

आपला,
सुनील

कोल्हार
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सुनीलास आशीर्वाद.

तू विचारून करा म्हणालास, पण काल दहावा दिवस होता आणि तुझा नुसताच 'होतंय, होतंय'चा मेसेज. भावकी दारात बसून. अग्नीशिवाय सुतक फिटायचं नाही, घरची कार्यं किती दिवस अडवून धरायची, असं जो तो म्हणू लागला. देह हाती नसला तर दर्भाचा पुतळा करून दहन करता येतं, असं गुरुजींनी सांगितलं. मग केलं. प्रवरेच्या काठी दर्भाचा माणूस करून त्याला आदिनाथचा सदरा घातला आणि मी अग्नी दिला.

छबू आली नाही. मी गवताला पोरगं म्हननार न्हाई, एवढं म्हणाली आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

आपला राधाकृष्ण, माझ्या चुलतभावाचा मुलगा, हुशार आहे. अंत्यविधी रीतसर पार पडला असा कागद त्यानं टाईप केला, मी सही केली आणि फोटोसकट तुझ्या कंपनीला मेलनं पाठवला. गवत जाळायची पाळी आली हे बघून त्यांना लाज वाटेल आणि ते हातपाय हलवतील, असा आमचा हिशेब. बरं केलं ना?

तुझा मामा,
कारभारी

मस्कत
१३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस शि. सा. न.

काय करून बसलात, मामा! कंपनीत कागदपत्रं बघणाऱ्या माणसानं मला बोलावून तो मेल दाखवला. बापाची सही आहे, अंत्यविधी झाला आहे, चितेचा फोटोही आहे, मग आता पाठवायचं काय, असं तो विचारतो. कुटुंबानं विषय संपवला असं धरून रविवारी इथंच पुरायचं ठरवलंय. दर्भाचं सांगून मी थकलो. गवताचं माणूस करून कुणी जाळतं, हे त्याला खरंच वाटत नाही.

राधाकृष्णाच्या हुशारीला माझा कोपरापासून नमस्कार सांगा.

आजच्या आज तुमच्या हातचं पत्र पाहिजे. स्वच्छ लिहा की जाळला तो पुतळा होता. वहिनींचीही सही घ्या. रागानं लिहितोय, माफ करा, पण आदिनाथ हातातून सुटला तर मी मामींना तोंड दाखवू शकणार नाही.

सुनील

कोल्हार
१३ फेब्रुवारी २०२५

कंपनीच्या साहेबांस कारभारी याचा नमस्कार.

मी दोन दिवसांपूर्वी गवत जाळलं. माझा मुलगा तुमच्याकडे आहे. पहिल्या कागदावर सही माझीच, चूकही माझीच, माझ्या भाच्याला बोल लावू नये. खाली सून रुपाली हिचीही सही आहे. मुलाची आई छबूबाई हिनं दोन दिवसांत तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच, ते तिच्याच शब्दांत लिहितो. 'सायेब, आमच्यात आई तोंड बघितल्याबिगर सोडीत न्हाई. ह्यांनी काय जाळलं ते ह्यांचं ह्यांना ठावं. माझं लेकरू तुमच्याकडं हाय, ते मला लावून द्या.'

कळावे.

कारभारी

कोल्हार
२२ फेब्रुवारी २०२५

चि. सुनीलास मनापासून आशीर्वाद.

साहेबांनी आमचं पत्र मानलं, तुझ्या धडपडीला यश आलं. बुधवारी पेटी पोचली. तुला रजा मिळाली नाही त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. छबूनं झाकण काढायला लावलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग जी रडली ती अख्ख्या गावानं ऐकली. पुतळा जाळला असला तरी देह आला की खरा अग्नी द्यायचाच, असं गुरुजी आपणहून म्हणाले. मी पुन्हा अग्नी दिला.

आता तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. पुतळा जाळून आलो त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. सुटलो असं वाटलं. भरपेट जेवलो आणि झोपलो. छबूनं ते पाहिलं होतं. माझी मलाच लाज वाटते.

काल तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. आमच्यात बाया येत नाहीत, ती आली, कुणाची अडवायची छाती झाली नाही. पुतळ्याच्या वेळी मूठभर राखेशिवाय काही निघालं नव्हतं. या वेळी तिनं एक एक अस्थी स्वतः वेचून मडक्यात ठेवली. मग एक उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, की हा आपला आदिनाथ, आता म्हना गेला म्हनून.

मला म्हणता आलं नाही. हात तसाच पुढे धरून उभा राहिलो.

तब्येतीला जप. मामावर लोभ असू दे.

कारभारी