कुलवृत्तांताचं पान एक्केचाळीस

बेडोक, सिंगापूर
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

शामकांत भावोजींस, कुमुदवहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. माझा परेश गेल्या महिन्यात जहाजावरून आला, वजन वाढवून आलाय. माझे गुडघे आहेत तसेच. नीलिमाला सांगा, मेतकूट पोचलं. तुम्ही केलेल्या कुलवृत्तांताची कच्ची छपाईही पोचली. आठवड्यात दुरुस्त्या कळवा म्हणालात. दोन आहेत. पत्र पुरतं वाचल्याशिवाय छापखान्याला होकार देऊ नका, शपथ आहे तुम्हाला.

पहिली, पान अकरा. "भिकाजी. बेकरी व्यवसाय. १८८४ साली तापाने निधन." अहो भावोजी, ताप कसला? माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पितृपक्षात आईंनी मला चतुर्दशीला भिकाजींच्या नावानं पान वाढायला लावलं. त्या दिवशी शस्त्रानं मेलेल्यांचं श्राद्ध असतं, एवढं मला माहेरी शिकवलेलं. मी विचारलं, तापानं गेलेल्याचं आज कसं? आईंनी आधी डोळे वटारले, मग खीर ढवळता ढवळता सगळं सांगितलं. त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलेलं. आपल्या घरात हे सुनांनाच माहीत असतं, पुरुष नुसते पिंड देऊन मोकळे होतात.

भिकाजी नगरच्या छावणीत गोव्याच्या एका बेकरीवाल्याकडे सरपण फोडायला लागला आणि पाव शिकून आला. ताडी घालून पीठ फुगवायचं, पहाटे भट्टी पेटवायची. माळीवाड्यात त्यानं स्वतःची भट्टी घातली. हात असा, की गोरे शिपाई पावासाठी चालत यायचे. पण तेव्हा पाव खाल्ला तरी माणूस बाटायचा, आणि हा तर करत होता, तोही ताडी घालून! जातीनं घर वाळीत टाकलं. धाकटा भाऊ सदाशिव, म्हणजे तुमचे खापरपणजोबा, त्यांच्या दोन्ही मुलींची ठरलेली लग्नं मोडली. पंचांनी सांगितलं, भट्टी मोडा, नाहीतर भाऊ मेला असं समजा.

भिकाजी म्हणाला, "भट्टी मोडायला मी काय चोरी केलीय?"

मग सदाशिवानं जिवंत भावाच्या नावानं पाण्याचा घट लाथेनं लवंडला, डोक्यावरून आंघोळ केली, सुतक धरलं आणि तेराव्याला गल्ली जेवायला बोलावली. पंगत बसली होती आणि भिकाजी डोक्यावर टोपली घेऊन आला. "पाव, गरम पाव!" पत्रावळींपाशी उभा राहिला आणि हसत म्हणाला, "सदा, माझ्या तेराव्याला मलाच नाही होय रे बोलावलंस?" पोरं खिदळली. मोठी माणसं पत्रावळीत बघत भात कालवत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो भट्टीशेजारी पोत्यावर झोपला होता. सदाशिवानं निखारे ओढायच्या लोखंडी सळईनं त्याचं डोकं फोडलं. पहिल्या घावानंतर तो उठून बसला आणि म्हणाला, "थांब, पाव जळतील." सदाशिव थांबला नाही. हे त्यानंच बायकोला सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत.

फौजदार आला, तर गल्लीतला एकेक जण सांगायला लागला, भिकाजी? तो दोन आठवड्यांपूर्वीच वारला की, आम्ही तेराव्याला जेवलोय. प्रेत ओळखायला एकही पुढे आला नाही. बेवारशी म्हणून नेलं. वर्षभरात दोन्ही मुली उजवल्या. त्यातली थोरली तुम्ही पान बारावर "सुशील व धर्मपरायण" म्हणून घातलीय, ते असू द्या.

तुम्ही म्हणाल, वहिनीला हे आत्ता कुठून सुचलं? चार दिवस झाले, पत्र इथवर येतं आणि मी चहा करायला उठते. आज उठत नाही.

दुसरी दुरुस्ती, पान एक्केचाळीस. "चैताली. १९८५ ते २०१७. सिंगापूर येथे डेंगीने निधन."

भावोजी, माझी चैताली जिवंत आहे. सेंगकांगला राहते, माझ्यापासून पाऊण तासावर. तिनं ऑफिसातल्या फैझल नावाच्या मलय मुलाशी लग्न केलं. त्याच महिन्यात तुमच्या अदितीचं साताऱ्याला ठरत होतं. मी परेशला गप्प बसवलं आणि तुम्हाला फोन केला. मी म्हटलं, डेंगीनं गेली. इकडेच अग्नी दिला म्हणाले. तुम्ही लहान पोरासारखे रडलात, आणि मी ऐकत राहिले. तुम्ही आठ वर्षं तिचं श्राद्ध घालताय आणि दर वर्षी मी फोन करून विचारते, कावळा शिवला का. कसली बाई मी! अदितीसाठी केलं, असं मनाला सांगत आले. खोटं आहे ते. मला न विचारता केलं याचाच राग होता. मेली असती तरी इतका आला नसता.

तुमचं ते पान परेशनं मला न सांगता तिला पाठवलं. तोवर तिला पत्ताच नव्हता. नगरच्या सगळ्यांनी आपल्याला टाकलं, एवढंच ती समजून होती.

परवा रविवारी मी तिच्याकडे गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा. दार सहा वर्षांच्या मुलीनं उघडलं. तोंडवळा थेट तुमच्या भावाचा हो, हनुवटीवरच्या खळीसकट. मी म्हटलं, "मी तुझी आजी."

"आजी डाय ऑलरेडी लाह, आंटी," ती म्हणाली. "बिफोर आय वॉज बॉर्न."

मागून चैताली आली. वाटलं होतं, ओरडेल. ओरडली असती तर मी पाय धरले असते. ती अगदी शांतपणे म्हणाली, "तिला मी पहिल्यापासून हेच सांगितलंय. त्याचं फार वाईट वाटायचं मला, आई. काकांचं पान वाचलं आणि वाटेनासं झालं."

मुलीनं विचारलं, आंटीला पाणी देऊ का?

"नको," चैताली म्हणाली. "आंटी निघाल्यात." आणि दार लावलं.

तेव्हा लिहून घ्या. भिकाजींच्या नावापुढे घाला, भावाच्या हातून खून. चैतालीच्या नावापुढचं २०१७ खोडा. तिच्याखाली तिच्या मुलीचं नाव घाला, नूर. माझ्या जन्मसालापुढे तुम्ही जागा कोरी सोडलीय, तिथे ते २०१७ टाका. नीलिमाला आणि अदितीला हे पत्र वाचायला द्या. मला फोन करू नका.

तुमची वहिनी,
कै. कुमुद