या खेपेची पाळी

२ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं जुळवता, म्हणून आपलं पत्रच बरं.

ऑफिसात सध्या रेटिंगचे दिवस आहेत. आमच्या कंपनीचा नियम असा की, काम कितीही चांगलं झालं तरी प्रत्येक टीममधल्या एकाला तळाचं रेटिंग द्यायचंच. त्यावर मास्तरांनी तोड काढली आहे. मास्तर म्हणजे आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. समोरच्याच्या डोक्यात शिरेपर्यंत समजावत बसतात, म्हणून हे नाव. मला प्रोग्राम लिहायला खरं त्यांनीच शिकवलं. त्यांचं म्हणणं, दर सहामाहीला एकेकानं पाळीपाळीनं तळाला जायचं, म्हणजे कुणाला लागत नाही. तळाच्या माणसाची बढती-बदली सहा महिने लांबते, एवढंच.

या खेपेला पाळी माझी. तेव्हा तुमच्याकडच्या शाखेत बदलीचं आता पुढच्या वर्षी बघू. आईला तुम्हीच सांगा, तुमच्या गोड शब्दांत.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
चिऊ

९ जून

चि. चिऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाळेत पहिला नंबर हुकला की जेवायची नाहीस, आणि आता शेवटचा नंबर हौसेनं घेतेस! धन्य आहे.

आईला काही सांगितलेलं नाही. तिला आता डाव्या डोळ्यानंही जवळजवळ दिसत नाही. काल तिनं मला रिकामा कप दिला आणि चहा गोड झालाय का म्हणून विचारलं. मी झालाय म्हणालो. चिऊ, मी एकटा पुरा पडत नाही गं. आजवर हे लिहिलं नव्हतं. मास्तरांना विचारून बघ ना, या खेपेची पाळी ते घेतात का. माणूस भला दिसतो.

तब्येतीची हेळसांड करू नकोस.
तुझा,
बाबा

१४ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मास्तरांनी आढेवेढे घेतले नाहीत. हसून म्हणाले, या वयात मला कसली बढती आणि कसली बदली. तळाचं रेटिंग त्यांना लागलं. आणि सोमवारी वरून फर्मान आलं की, यंदा तळाची सगळी माणसं कमी करायची.

सकाळी त्यांच्या कार्डाला काचेचं दार उघडेना. त्यांना वाटलं, दारच बिघडलंय. आतून उघड म्हणून मला खुणा करत होते. मी फर्मानाचा मेल वाचलेला होता. दारापर्यंत गेले, तोवर रक्षकानं त्यांना बाजूला नेलं.

मी तडक मोठ्या मॅडमकडे गेले आणि पाळी माझी होती हे सांगून टाकलं. त्या रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, पाळ्या सगळ्याच टीम लावतात, मला ठाऊक आहे. मला फक्त एक माणूस हवा. मास्तरांचं नाव काढून तुझं घालू का, असं त्यांनी विचारलं. बाबा, मी गप्प बसले. थोडा वेळ वाट बघून त्यांनी बदलीचा कागद पुढे सरकवला. मी सही केली. पुढच्या महिन्यात येतेय.

मास्तरांचा फोन उचलायचा धीर झाला नाही. मग त्यांचा निरोप आला. बदलीचं काय झालं, एवढंच विचारलंय.

आज लोभ मागायलाही लाज वाटते.
चिऊ

२१ जुलै

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

आईला फक्त तू येणार एवढंच वाचून दाखवलं. ती चाचपडत तुझी खोली आवरतेय आणि मला मधे येऊ देत नाही.

मास्तरांचा पत्ता पाठव. पाळी बदलायचं माझ्या डोक्यातून निघालं, तेव्हा लिहायचंही मीच. सकाळपासून बसलोय, पण दोन ओळींपुढे जात नाही. माफी मागावी तर ती खोटी होईल. त्या मॅडमसमोर मी बसलो असतो, तरी तुझं नाव दिलं नसतं. आज विचारलं तरी देणार नाही. तेवढंच त्यांना खरं लिहिण्यासारखं आहे, आणि ते लिहवत नाही.

सांभाळून ये.
बाबा