कुंभकर्णाचा पडदा आणि बाकीची मालमत्ता

मी, ज्योत्सना तुळशीराम दिघोरे, वय एकोणसत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार पवनी, माझ्या मागे काय कोणाचं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझी चित्रं पाहून काहींना शंका येते. कोणाचा दबाव नाही.

१. दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली ठेव भाची दामिनी हिला. घर विकलं तरी चालेल. राहिलीस तर उत्तरेची खिडकी बुजवू नकोस, उजेड तिथूनच येतो.

२. रंग आणि ब्रश गावातल्या ज्या पोराला हवे असतील त्याला. शाळेला नाही. मुख्याध्यापक भय्याजींनी वीस वर्षं चित्रकलेच्या तासाला गणित घेतलं. त्यांना माझी तुटकी पट्टी द्यावी.

३. निळी वहीही दामिनीला. नागपुरात शिकताना ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकातली व्यंगचित्रं मी त्यात उतरवली. युरोपात लोक राजाला आणि धर्मगुरूला प्रश्न विचारू लागले, त्या काळातली ती. तिकडच्या महाकाव्यातला शूर वीर म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन जळत्या शहरातून पळतोय, आणि बाप मागे राहिलेल्या केसांच्या टोपासाठी रडतोय. मी पोट धरून हसले होते. आपणही असंच काढायचं, हे तेव्हाच ठरवलं.

४. आता पडदा. चौदा वर्षांपूर्वी एकोडीच्या मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकासाठी मी तो रंगवला. तलावाच्या पाळीवर, बांधावर, कुंभकर्ण घोरतोय, राक्षस गंज-पातेली बडवताहेत, जाळ्यातले मासे नाचत पळताहेत. कुंभकर्णाला मी थोरल्या भावाचा, बाबुलालदादाचा चेहरा दिला. मंडई हसली. दादा उठून गेला तो आजतागायत माझ्याशी बोलला नाही.

चूक माझी. वहीतले चित्रकार मोठ्यांची टोपी उडवत होते. मी उडवली ती रात्रभर गावाचा तलाव राखून दिवसा डोळा लागणाऱ्या दादाची. मला ते ठाऊक होतं, तरी काढलं, कारण चित्र छान जमत होतं. दादा, मला माफ कर.

यंदा मी कुंभकर्णाच्या उशाशी बॅटरी, काठी आणि चिखलाने भरलेल्या चपला काढल्या आहेत. पडदा दादाला. जाळायचा तर जाळावा. त्याने घेतला नाही, तरच दर मंडईत लावावा.

५. दादाने साक्षीदार व्हावं, असा निरोप दामिनीकडून पाठवते. सही करणाऱ्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकील म्हणतात. तेव्हा दादा, पडदा जाळायचा असेल तर सही करू नकोस. पण वाचायला तरी ये. चहा ठेवते.

ठिकाण : पवनी. दिनांक : ९ मार्च २०२५.

सही : ज्योत्सना तु. दिघोरे

साक्षीदार १ : सत्यभामाबाई नान्हे, शेजारीण.

साक्षीदार २ : बाबुलाल तुळशीराम दिघोरे, एकोडी. मले पडदा नोको. मंडईत लावा, पाहू द्या लोकाइले. बॅटरी बराबर हाये. पोट मात्र लयच काढलं वो बाई. ते कमी कर, तुयाच हातानं. मी समोर बसतो.